अनुभव धागा: छंदाच्या ग्रुपवर राजकारण बोलू द्यावं का?

पैठणची_पाखरं
काल आमच्या पक्षीनिरीक्षणाच्या ग्रुपवर एका पोराने नाथसागरावरच्या रोहित पक्ष्यांचा फोटो टाकला. खाली एकच ओळ: 'पाण्यावर सौरपटलं आली तर हे कुठं उतरणार?' थोड्या वेळाने पोस्ट गायब. ॲडमिनचा निरोप आला, हा ग्रुप पाखरांचा आहे, राजकारण बाहेर. नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, तो 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथे तरंगता सौर प्रकल्प व्हावा की नको, हे पाखरांच्या ग्रुपवर नाही तर कुठं बोलायचं?

पण रात्री झोप उडाली ती वेगळ्याच कारणाने. आमच्या गावात माझ्या वडिलांचं, दादांचं, भजनी मंडळ होतं. मातंग वस्तीतले एक काका पखवाज वाजवायचे. त्यांच्याशिवाय एकादशीचं भजन सुरू व्हायचं नाही. 27 जुलै 1978 ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव द्यायचा, म्हणजे नामांतराचा, ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांची जाळपोळ सुरू झाली. आमच्या गावात काही जळलं नाही. पण पुढच्या एकादशीला काका आले नाहीत. दादांनी सगळ्यांना बजावलं, मंडळात हा विषय काढायचा नाही, देवाच्या दारात राजकारण नको. सगळ्यांनी ऐकलं. विषय कुणी काढला नाही आणि काकांच्या घरीही कुणी गेलं नाही. हळूहळू मंडळ बंद पडलं. भांडण एकही झालेलं नव्हतं. 1994 च्या 14 जानेवारीला विद्यापीठाचा नामविस्तार होऊन आंबेडकरांचं नाव लागलं तेव्हा दादा हयात होते, पण काका तोवर गाव सोडून पोरांकडे पुण्याला गेले होते.

मी माझं मत आधीच सांगते. प्रचार नको, शिव्या नकोत, पण छंदाला जे थेट भिडतं ते बोललंच पाहिजे. तुमचे अनुभव लिहा. ग्रुपची, माणसांची, पक्षांची नावं नकोत.

गच्चीतली_बाग_लातूर
ताई डोळ्यात पाणी आलं वाचून. तरी मी उलटं लिहिणार आहे, राग मानू नका.

आमचा गच्चीवरच्या बागेचा ग्रुप, सगळ्या बायाच. घरात टीव्हीवर दिवसभर तेच, जेवताना सासरे आणि हे तेच, माहेरी फोन केला तर भाऊ तेच. ग्रुप उघडला की कुणाची मोगऱ्याला कळी आली, कुणाचं गांडूळखत तयार झालं. 2024 च्या लोकसभेला 7 मेला आमच्याकडं मतदान होतं, त्याच्या आदल्या आठवड्यात एकीने एक व्हिडिओ टाकला. तिला दुसरीने उत्तर दिलं. दोघी एकाच गल्लीतल्या, एकमेकींकडून कढीपत्ता नेणाऱ्या. आता हळदीकुंकवाला एक आली की दुसरी निघून जाते. म्हणून आम्ही ठरवलं, सरसकट बंदी. ज्या बाईला दिवसातून अर्धा तास मिळतो तिला त्या अर्ध्या तासात तरी हे नको. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय

उदगीरची_सून
ताई अगदी. आमच्या रांगोळीच्या ग्रुपवर पण हेच झालं. आता फक्त ॲडमिनच टाकू शकते. रोज एक रांगोळी येते आणि कुणी वाह पण म्हणू शकत नाही 😔

सोयाबीनवाला
लातूरच्या ताई, तुमच्यासारख्याच एका बागेच्या ग्रुपवर मी होतो. शेतकरी आहे, खताचं बियाण्याचं सांगायचो, लोक विचारायचे. 2024 ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता आणि बाजारात त्याच्या खाली मागत होते. मी तेवढंच लिहिलं. भावाविषयी नको, राजकारण होतं, असं उत्तर आलं. माझी निंबोळी पेंड चालते, माझा भाव चालत नाही. कामून? तुमच्यासाठी तो छंद आहे ताई, माझ्यासाठी ते घर आहे. मी न बोलता निघालो ग्रुपमधून.

गच्चीतली_बाग_लातूर
दादा हे खरं आहे. आमच्या ग्रुपवर कुणी शेतकरी नाहीच, म्हणून आमच्या डोक्यात आलं नसेल. पण भाव लिहिला की खाली सरकार कुणाचं यावर सुरू होतं, त्याचं काय करायचं सांगा.

सोयाबीनवाला
ते सुरू करणाऱ्याला थांबवा. भाव लिहिणाऱ्याला कशाला.

हाली_सिक्का
मी जुनी नाणी जमवतो, संभाजीनगरात राहतो. आमच्या छंदात राजकारण टाळताच येत नाही, नाणं हीच मुळात सत्तेची सही असते. शेवटच्या निजामाच्या रुपयावर चारमिनार आहे आणि त्याच्या दारात 'ऐन' हे अक्षर, म्हणजे त्याच्या उस्मान या नावाचं पहिलं अक्षर. असा फोटो ग्रुपवर आला की खाली कुणीतरी रझाकार काढतं, कुणीतरी निजामाच्या काळातल्या शाळा-दवाखाने काढतं, आणि नाणं राहतं बाजूला. मुघल रुपयावर आमच्या शहराच्या टांकसाळीचं नाव 'खुजिस्ता बुनियाद' असं येतं. ते नाणं टाकताना शहराचं आताचं नाव काय लिहायचं यावरून 2023 मध्ये दोन जुने मेंबर सोडून गेले. एक मुस्लिम, एक हिंदू. दोघांनाही फारसी अक्षरं आमच्यापेक्षा चांगली वाचता यायची. आता कुणाचं नाणं वाचायचं असलं की त्या दोघांना वेगवेगळे फोन करावे लागतात.

त्यानंतर ॲडमिनने एक नियम केला, तो मला फार पटला. जे लिहाल ते समोरच्या नाण्याला धरून लिहा. रझाकारांवर बोलायचंय? त्या सालचं नाणं, नोट, तिकीट, काहीतरी आणा आणि त्यावर बोला. त्यामुळे गंमत अशी झाली की राजकारण बंद झालं नाही, उलट चांगलं झालं. निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार रुपया यांचा भाव साधारण सात हालीला सहा कलदार असा होता. निजामाच्या हद्दीतून इंग्रजी हद्दीत माल विकायला जाणाऱ्याला हा हिशोब रोज करावा लागायचा. यावर आमच्याकडे आठवडाभर चर्चा चालली. ते राजकारणच होतं की! कुणी कुणाच्या धर्मावर गेलं नाही.

टायरपंक्चर_नांदेड
सायकल ग्रुप. आमचं सरळ आहे. कंधारला जाताना चहाला थांबलो की काय बोलायचं ते बोला, कुणाला शिव्या घालायच्या घाला. ग्रुपवर टाइप करायचं नाही. कारण तोंडावर बोलणाऱ्याला माहीत असतं की पुढं कुठंतरी टायर बसणार आणि पंप ह्याच्याच पिशवीत आहे. घरी गादीवर पडून टाइप करणाऱ्याला कशाची फिकीर?

फक्त रस्त्याच्या खड्ड्यांचे फोटो चालतात. त्यावर भांडण नाही, खड्डा सगळ्यांचाच. पाऊस झाल्यापासून आमच्याकडचे रस्ते बघवत नाहीत.

उदगीरची_सून
दादा कंधारचा किल्ला बघायला पोरांना घेऊन यायचंय, पार्किंग आहे का

टायरपंक्चर_नांदेड
आहे की ताई. सकाळी लवकर या, दुपारी दगड तापतात.

बीडचा_ऑफस्पिन
मी लिहू का नको विचार करत होतो. आमची टेनिस बॉलची टीम, शाळेपासूनची पोरं. 2024 ला लोकसभेच्या आधीपासून आरक्षणावरून बीडमध्ये काय वातावरण झालं ते इथल्या लोकांना सांगायला नको. ग्रुपवर कुणी काहीच बोललं नाही. एक शब्द नाही. फक्त रविवारी ग्राउंडवर आले तर एका आडनावाची पोरं एकीकडं आणि दुसऱ्या आडनावाची दुसरीकडं. मी ज्याच्या घरी दहावीला मुक्कामी अभ्यास केला, तो माझ्याकडं बघत नव्हता. मोबाईलवर त्याला जे येत होतं ते मला येत नव्हतं आणि मला येत होतं ते त्याला नाही.

पैठणच्या ताईंचं वाचून वाटलं हे तेच आहे. आमच्याकडं बंदी कुणी घातली नव्हती, आपोआपच पडली. शेवटी आमच्या कीपरने एकेकाच्या घरी जाऊन आणलं. त्याने विषय टाळला नाही. म्हणला, आरक्षणावर तुझं आणि माझं जमणार नाही, तू तुझ्या बाजूनं मत दे, मी माझ्या, पण रविवारी ये. काही आले. सगळे नाही आले.

पैठणची_पाखरं
बाळा, तुमचा कीपर मोठ्या मनाचा. आमच्या मंडळात असा एक जण असता तर.

सोयाबीनवाला
दादा, तुमचा तो मित्र आला का?

बीडचा_ऑफस्पिन
नाही अजून. पण दिवाळीला मेसेज आला.

ग्रुप_ॲडमिन_हिंगोली
सगळे ॲडमिनला बोलता, थोडं ॲडमिनचं पण ऐका. मी कवितांचा ग्रुप चालवतो, फुकट. निवडणूक आली, सणवार आले की पोलिसांकडून सूचना येते, आक्षेपार्ह मजकुराची जबाबदारी ॲडमिनची. बायको म्हणते, ग्रुप बंद करा, उद्या कुणाच्या मेसेजपायी तुम्हाला ठाण्यात बोलावतील. मी मास्तर माणूस, नोकरी आहे. म्हणून काही दिसलं की उडवतो. कवितेत काय राजकारण आणि काय नाही हे बसून ठरवायला मला वेळ नाही, आणि चुकलो तर भोगणार मी. दुष्काळावरची एक चांगली कविता मी उडवली, त्या पोरीने पुन्हा काही पाठवलं नाही.

काळाकोट_परभणी
सर, एवढं भिऊ नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 साली स्पष्ट म्हटलंय की सदस्याने आक्षेपार्ह मजकूर टाकला म्हणून केवळ ॲडमिन आहे या कारणाने त्याला जबाबदार धरता येत नाही. त्याचा समान हेतू किंवा आधीची संगनमताची योजना दाखवावी लागते. अर्थात धमकी, जातीधर्मावरून भडकवणारं काही दिसलं तर काढून टाकाच, ते शहाणपणाचं आहे. पण दुष्काळावरच्या कवितेपायी कुणी ठाण्यात नेत नाही. त्या मुलीला फोन करा.

ग्रुप_ॲडमिन_हिंगोली
हे मला माहीत नव्हतं वकीलसाहेब. आभारी आहे. आजच करतो फोन.

नवी_माळीण
विषय सोडून विचारते, इथं बागेच्या ताई आहेत म्हणून. टोमॅटोची पानं गोळा होऊन वर वळलीत, झाड वाढतच नाही. काय करू

गच्चीतली_बाग_लातूर
पानाच्या खालच्या बाजूला पांढरी माशी दिसते का बघ. ती रोग पसरवते. फार गोळा झालेलं रोप उपटून टाक, ते सुधारत नाही. बाकीच्यांना निंबोळी अर्क मार आणि पिवळे चिकट सापळे लाव.

नवी_माळीण
आहे माशी 🙏 दोन रोपं उपटते

परतूर_स्टेशन
माझं वय ऐंशीच्या पुढे आहे, हळू टाइप करतो, सांभाळून घ्या.

राजकारण आणि छंद वेगळे ठेवा हे आमच्या वडिलांच्या पिढीला कुणी सांगितलं असतं तर मराठवाडा कुठे असता? निजामाच्या राज्यात सभा घ्यायची तर गश्ती निशाण 53 या सरकारी परिपत्रकाखाली आधी परवानगी लागायची. आखाड्यावर नजर, खाजगी शाळेवर नजर. राजकीय पक्ष काढणं तर दूरच, हैदराबाद स्टेट काँग्रेसवर 1938 साली जन्माआधीच बंदी आली. मग लोकांनी काय केलं? वाचनालयं काढली, गणेशोत्सवात मेळे काढले, भाषेच्या नावाने परिषदा भरवल्या. महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन आमच्या परतूरला 1937 साली झालं. नाव परिषदेचं, पण तिथे जमलेली माणसं पुढे मुक्तिसंग्रामात उतरली. वडील सांगत, वाचनालयात दुपारी पेपर वाचायला म्हणून येणारी चार माणसं संध्याकाळी काय बोलत हे पोलिसालाही ठाऊक होतं.

तेव्हा 'इथे राजकारण नको' हे वाक्य सरकारचं होतं. आज आपणच आपल्याला ते सांगतो आहोत, याचं मला वाईट वाटतं. मात्र त्या वाचनालयांतही शिस्त होती. दुसऱ्याचं बोलणं पुरतं ऐकून घेतल्याशिवाय उठायचं नाही. आता लोक ऐकतच नाहीत, आलेला मेसेज पुढे ढकलतात.

टायरपंक्चर_नांदेड
काका साष्टांग 🙏

उदगीरची_सून
काका तुमचं पोरांना वाचून दाखवलं आत्ता. 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, शाळेत झेंडा असतो एवढंच त्यांना माहीत

पैठणची_पाखरं
काका, तुमच्या 'ढकलतात' वरून सुचलं, जरा पाण्याचं बोलते. आमच्या ॲडमिनला हेच समजावून सांगायचंय.

पाऊस कमी झालेल्या वर्षी पावसाळा संपला की वरच्या धरणांतून, म्हणजे नाशिक-नगरकडून, जायकवाडीला पाणी सोडायचं का यावरून वाद होतो. 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल तर सोडायचं, असं सूत्र 2014 ला ठरलं. लोकांना वाटतं हा ऊसवाल्यांचा आणि पुढाऱ्यांचा विषय. पण चिखलात चोच घालून खाणाऱ्या पाखरांना उथळ काठ लागतो. पाणी किती आणि कधी उतरतं त्यावर हिवाळ्यात तुतवार कुठे दिसतील, रोहित कुठे थांबतील हे ठरतं. म्हणजे मंत्रालयात जे ठरतं ते जानेवारीत माझ्या दुर्बिणीत दिसतं. मग मी फक्त 'आज अमुक पाखरं दिसली' एवढंच लिहायचं, आणि का दिसली नाहीत ते लिहायचं नाही?

लातूरच्या ताई, तुमची बंदी मला समजते. तुमच्या दोघी मैत्रिणी तुटल्या त्याला कुठल्या झाडाचा संबंध नव्हता. आमच्या ग्रुपवरच्या त्या पोराच्या पोस्टला पाखरांचा संबंध होता.

गच्चीतली_बाग_लातूर
हो ताई, हा फरक पटला. सप्टेंबर 2025 च्या पुराच्या वेळी आमच्या ग्रुपवर धान्य, चादरी, कडबा गोळा केला. तेव्हा एकीने 'ओला दुष्काळ जाहीर करा' एवढंच लिहिलं आणि ते पण नियमाने काढलं. त्या दिवशी मला स्वतःला ते जड गेलं, तिचं माहेर परंड्याकडं, घरात पाणी शिरलेलं. ते राहू द्यायला पाहिजे होतं असं मी तेव्हाच ॲडमिनला म्हणलं होतं. व्हिडिओवरची बंदी मात्र मी सोडणार नाही.

पैठणची_पाखरं
नका सोडू. ते माझंही म्हणणं नाही.

बीडचा_ऑफस्पिन
ताई तुमच्या ॲडमिनला ही पाण्याची पोस्ट जशीच्या तशी पाठवा. ग्रुपवर नको, फोन करून, घरी जाऊन.

पैठणची_पाखरं
जाते. सौरपटलांना विरोध करा असं मी म्हणणार नाही, त्याचंही मत असेल. फोटो आणि प्रश्न परत लाव एवढंच. आणि त्या पोराला आजच कळवते, तुझी पोस्ट चूक नव्हती.

हाली_सिक्का
परतूरचे काका, वडिलांकडे त्या वेळचं काही कागदपत्र, परिषदेची पावती, वाचनालयाचं रजिस्टर असं काही शिल्लक आहे का? असेल तर कृपा करून लॅमिनेशन करू नका, कागद खराब होतो. चिकटपट्टी पण नको.

परतूर_स्टेशन
एक पत्र्याची पेटी आहे. उर्दूतले कागद आहेत, मला आता अक्षर दिसत नाही. तुमच्यापैकी वाचणारं कुणी?

हाली_सिक्का
ग्रुप सोडून गेलेले ते दोघं वाचतात काका. दोघांनाही विचारतो. एका गाडीत बसतील का ते मात्र सांगता येत नाही, नाहीतर दोन वेगळ्या रविवारी आणतो.