मदत हवी: ३२ कोअरच्या सर्व्हरवर केडेनलाइव्हचं रेंडर संपतच नाही

फ्रेमवेडा:
दोन सॉकेटचा (दोन प्रोसेसरचा) सर्व्हर, लिनक्स, व्हिडिओ एडिटिंगसाठी केडेनलाइव्ह. रेंडर (अंतिम फाइल काढणं) लावलं की एचटॉपमध्ये, म्हणजे कोअरचा वापर दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, चार-पाच कोअर भरलेले आणि बाकीचे रिकामे. प्रिव्ह्यूसुद्धा अडखळतो. हेच प्रोजेक्ट लॅपटॉपवर लवकर होतं! उद्या फाइल द्यायची आहे. कुठलं सेटिंग बदलू?

टर्मिनलकर:
प्रोसेसर कुठला? फुटेज कशात आहे, इफेक्ट कुठले, ग्राफिक्स कार्ड आहे का? एवढं कळल्याशिवाय अंदाजपंचे काय सांगणार?

फ्रेमवेडा:
झिऑन, १६ कोअरचे दोन. फुटेज कॅमेऱ्यातून आलं तसंच, ४के. मला फक्त सेटिंग हवंय.

रात्रपाळी:
डाविंची रिझॉल्व्ह हे दुसरं एडिटिंग सॉफ्टवेअर टाका. मी तेच वापरतो, सगळं ओझं ग्राफिक्स कार्डावर जातं.

टर्मिनलकर:
@रात्रपाळी, रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती लिनक्सवर एच.२६४ (कॅमेऱ्यांचं नेहमीचं दाबलेलं व्हिडिओ स्वरूप) उघडत नाही. उद्या फाइल द्यायची असताना सगळं फुटेज बदलत बसायचं का? आणि कार्ड आहे की नाही तेच अजून कळलेलं नाही.

रात्रपाळी:
बदलायलाच हवं! एच.२६४ मध्ये एक फ्रेम दाखवायला आसपासच्या कितीतरी फ्रेम उलगडाव्या लागतात. डीएनएक्सएचआर या एडिटिंगसाठीच्या स्वरूपात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. ज्यांनी कधी तासभर सलग कट मारलेत त्यांना हा फरक विचारा.

फ्रेमवेडा:
वेगळं कार्ड नाही. बोर्डावरची एस्पीडची चिप आहे.

धागेदोरे:
मग प्रिव्ह्यूचं कारण सापडलं. ती चिप दुरून कन्सोल बघण्यापुरती. थ्रीडी तिला जमत नाही, त्यामुळे ओपनजीएलचा, म्हणजे पडद्यावर चित्र काढण्याचा, भार प्रोसेसरवर. प्रॉक्सी क्लिप (एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती) चालू करा.
रेंडरची गोष्ट वेगळी. केडेनलाइव्हच्या पोटातलं एमएलटी हे इंजिन इफेक्ट लावून फ्रेम तयार करतं, मग ती एन्कोडरकडे जाते. फ्रेमच वेळेवर येत नसतील तर एक्स२६४ ला (एच.२६४ चा एन्कोडर) कितीही थ्रेड द्या, ते वाट बघत बसणार. अशा वेळी कमी कोअर पण जास्त गिगाहर्ट्झ असलेला लॅपटॉप पुढे जातो. रेंडरच्या खिडकीत समांतर प्रक्रियेचा पर्याय आहे, पण काही इफेक्ट त्यात बिघडतात. आधी छोटा तुकडा काढून नीट बघा.

पहाटवारा:
आवाजात घूं घूं येत असेल तर ऑडॅसिटीत नॉइज रिडक्शन लावा. शांत भागाचा नमुना आधी घ्यायचा.

टर्मिनलकर:
आवाजाचं कुणी विचारलेलं नाही.
फ्रेमवेडा, दोन सॉकेट म्हणजे दोन न्यूमा नोड, प्रत्येक प्रोसेसर आणि त्याच्या जवळची रॅम मिळून एक. प्रोसेसर इकडचा आणि डेटा तिकडच्या रॅममध्ये असला की प्रत्येक फेरीला उशीर. टाइमलाइनचे दोन झोन करा, दोन्हींच्या रेंडर स्क्रिप्ट काढा आणि न्यूमासीटीएल या कमांडने एकेक स्क्रिप्ट एकेका नोडला बांधून चालवा; प्रोसेसर आणि मेमरी दोन्ही बांधायचं. नंतर दोन्ही तुकडे एफएफएमपेग या व्हिडिओच्या टूलने पुन्हा एन्कोड न करता जोडा.

धागेदोरे:
जोडताना सांध्यावर आवाजात टिचकी येते. आवाज पूर्ण लांबीचा, एकदाच, वेगळा काढा.

जुनाजाणता:
अवांतर: सर्व्हरवर डेस्कटॉप चढवूच नये. माझ्याकडे डेबियन लिनक्स आहे, वर्षानुवर्षं हलत नाही.

रात्रपाळी:
डेबियनमधलं केडेनलाइव्ह जुनं असतं. ॲपइमेज (इन्स्टॉल न करता चालणारी एकच फाइल) घ्यावी.

फ्रेमवेडा:
दोन झोन, दोन नोड लावले. आता बरेच कोअर कामाला लागलेत. तोवर प्रॉक्सी बनवायला टाकू का?

टर्मिनलकर:
नको! प्रॉक्सी तेच कोअर खाईल. आधी फाइल बाहेर पडू द्या.