विषय: शनिवारची उद्योजक सभा – देशभर प्रवासी रेल्वे (रुळांचा प्रश्न)

श्रीकांत, सोमवार रात्री

नमस्कार मंडळी,

शनिवारी मला वीस मिनिटं मिळाली आहेत आणि शुभदाताईंना शुक्रवारपर्यंत स्लाइड्स हव्या आहेत, म्हणून घाईत लिहितोय. प्रस्ताव तोच, दिवाळीच्या जेवणात बोललो होतो तो. अमेरिकेत देशभर खाजगी प्रवासी रेल्वे. अडीचशे-तीनशे मैलांवरच्या शहरांच्या जोड्या धरायच्या: शिकागो-सेंट लुईस, शिकागो-डेट्रॉइट, डॅलस-ह्यूस्टन, अटलांटा-शार्लट. मग हळूहळू त्या एकमेकींना जोडत जायचं. एवढ्या अंतराला विमान घेतलं तर विमानतळावरच अर्धा दिवस जातो, आणि मोटारीनं गेलं तर पाच तास स्टिअरिंग सोडता येत नाही. गिऱ्हाईक आहे, याबद्दल मला शंका नाही. सरकारी प्रवासी रेल्वे कंपनी अ‍ॅमट्रॅकनं २०२४ च्या आर्थिक वर्षात ३ कोटी २८ लाख प्रवासी नेले, त्यांचा तोवरचा उच्चांक.

डबे, इंजिनं, तिकिटं, खानपान, सगळ्याचं गणित मांडून झालंय. एकच स्लाइड कोरी आहे. इथले बहुतेक रूळ खाजगी मालगाडी कंपन्यांचे; ते वापरायचे तर मैलामागे भाडं किती धरायचं? कुणाला अंदाज असेल तर कृपया लवकर कळवा.

श्रीकांत

मिलिंद, सोमवार रात्री

श्रीकांत, भाड्याचं नंतर बघू. ते तुला रुळांवर येऊ देणार आहेत का, हे आधी विचार.

मी बारा वर्षं मालवाहतुकीत काढली आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. १९७० पर्यंत या खाजगी कंपन्याच प्रवासी गाड्या चालवत होत्या, आणि त्या तोट्यात होत्या. तो तोटा डोक्यावरून उतरवायला अमेरिकी काँग्रेसनं (संसदेनं) कायदा केला आणि १ मे १९७१ पासून अ‍ॅमट्रॅक सुरू झालं. सौदा असा होता की प्रवासी गाड्यांची जबाबदारी सुटली, त्या बदल्यात अ‍ॅमट्रॅकला रूळ वापरू द्यायचे, तेही त्या जादा गाडीमुळे जेवढा खर्च वाढेल तेवढ्याच पैशात. हा हक्क अ‍ॅमट्रॅकचा आहे, प्रवासी गाडी चालवणाऱ्या इतर कुणाचाही नाही. तुझ्या कंपनीला मालकाच्या दारात जाऊन बोलणी करावी लागतील. तो नाही म्हणाला तर विषय संपला.

शिवाय विमा आहे. अपघातात प्रवाशांच्या भरपाईची कमाल मर्यादा १९९७ च्या कायद्यात २० कोटी डॉलर होती, नंतर ती आणखी वाढली. रूळ देणारा पहिल्याच बैठकीत तेवढ्या रकमेचा विमा मागेल. तुझ्या तक्त्यात विम्याची ओळच नाही.

वसंतकाका, मंगळवार सकाळ

श्रीकांत आणि मिलिंद,

मिलिंदनं प्रवेशाच्या हक्काचं लिहिलं ते बरोबर आहे, पण नुसतं रुळावर येऊन भागत नाही. पुढे कोण जाणार हे कोण ठरवतं, ते पाहा.

माझे वडील, आमचे दादा, भुसावळला सेक्शन कंट्रोलर होते. रात्रपाळीला मी कधीकधी डबा घेऊन जायचो. टेबलावर हा एवढा लांब कागद पसरलेला असायचा, एका बाजूनं स्टेशनं आणि दुसऱ्या बाजूनं वेळ. प्रत्येक गाडी म्हणजे पट्टीनं ओढलेली एक तिरकी रेघ. मेल-एक्सप्रेसची रेघ लाल. कानाला फोन, स्टेशनमास्तर सांगणार अमकी गाडी इतक्या वाजता गेली, आणि दादांची पेन्सिल तेवढीच पुढे सरकणार. मागून मेल येतेय असं दिसलं की मालगाडी पुढच्या स्टेशनात लूपवर, म्हणजे बाजूच्या जादा रुळावर घ्यायची, मेल काढायची, मग मालगाडीला सिग्नल. दादा म्हणायचे, गाडी ड्रायव्हर चालवत नाही, ही पेन्सिल चालवते.

इथे ती पेन्सिल मालगाडी कंपनीच्या हातात आहे. आणि मालगाड्या दोन-दोन मैल लांब झाल्यात. पुष्कळ ठिकाणच्या लूप त्याहून आखूड, म्हणजे मालगाडी बाजूला घेता येतच नाही. मग लूपवर कोण थांबणार? प्रवासी गाडीच. कंट्रोलरनं मनापासून ठरवलं तरी त्याचा इलाज नाही. तेव्हा भाड्याच्या स्लाइडआधी लूपची लांबी दाखव.

वसंतकाका

शुभदाताई, मंगळवार दुपार

सर्वांना विनंती. चर्चा चांगली चालली आहे, पण शनिवारी हॉल साडेसातला सोडायचा आहे, कारण त्यानंतर नाटकाची तालीम आहे. मागच्या वर्षी सोलरच्या सादरीकरणाला सव्वा तास लागला आणि तालमीची मुलं बाहेर थंडीत उभी राहिली. तसं पुन्हा होऊ देणार नाही. वीस मिनिटं म्हणजे वीसच, प्रश्नोत्तरं दहा. प्रोजेक्टर मंडळाचा आहे, केबल ज्यानं त्यानं आणावी.

प्रशांत, मंगळवार रात्री

खाजगी रेल्वे म्हटल्यावर नाना शंकरशेटांचं नाव अजून कुणी काढलं नाही याचं आश्चर्य वाटलं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला ३४ किलोमीटर जी गाडी गेली ती सरकारी नव्हती. ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची, आणि कंपनीच्या संचालकांत नाना होते. त्या कंपनीला भांडवल कसं मिळालं? ईस्ट इंडिया कंपनीनं १८४९ च्या करारात भागधारकांना पाच टक्के व्याजाची हमी दिली आणि जमीन फुकट दिली. श्रीकांतनं तोच मार्ग धरावा, आधी सरकारकडून हमी घ्यावी. माझ्याकडे यावर पुष्कळ टिपणं आहेत, शनिवारी पाच मिनिटं मिळाली तर मांडीन.

मिलिंद, मंगळवार रात्री

प्रशांत, हमीचं पुढचं सांगितलं नाहीस. पाच टक्के नक्की मिळणार म्हटल्यावर काटकसर कोण करणार? खर्च वाढत गेला आणि तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरली गेली, म्हणजे आपल्याच शेतकऱ्याच्या साऱ्यातून. तो धंदा झाला असं मी म्हणणार नाही.

प्रशांत, बुधवार सकाळ

मान्य. पण हमी नसती तर लंडनच्या गुंतवणूकदारानं बोरघाटाच्या बोगद्यांत एक पौंड घातला नसता. घाट १८६३ ला सुरू झाला म्हणून पुण्या-मुंबईचं आजचं नातं आहे. पैसे कुणाचे गेले हा प्रश्न खराच आहे, त्यावर वाचन गटात आपण दोन महिने बोललो आहोत. तो विषय आमच्या गटाचा असल्यामुळे शनिवारी कुणी तो अर्धवट मांडू नये, एवढीच विनंती.

शुभदाताई, बुधवार दुपार

कुणी काय मांडायचं हे कार्यकारिणी ठरवते, गट नाही. शनिवारी फक्त श्रीकांत बोलेल. प्रशांत, तुमचे टिपण जानेवारीच्या अंकासाठी पाठवा, मनापासून हवे आहे.

अनुराधा, बुधवार रात्री

श्रीकांत, मी मिशिगनमधल्या कॅलमॅझूहून लिहितेय. तुमच्या सगळ्यांच्या बोलण्यात आमच्या दारातली गोष्ट राहून गेली.

आमच्या शिकागो-डेट्रॉइट मार्गाचा मोठा भाग मालगाडी कंपनीचा नाहीच. पोर्टर ते कॅलमॅझू रूळ अ‍ॅमट्रॅकचे आहेत. कॅलमॅझू ते डिअरबॉर्न २०१२ मध्ये मिशिगन राज्यानं नॉरफोक सदर्न या मालगाडी कंपनीकडून विकत घेतले. म्हणून तिथे गाड्या ताशी ११० मैलांनी धावतात. माझा मुलगा अ‍ॅन आर्बरला शिकतो, सुट्टीला गाडीनंच येतो. मी फलाटावर असते तेव्हा पाहते, निम्म्याहून जास्त मुलंच उतरतात, पाठीवर सॅक आणि हातात धुवायच्या कपड्यांची पिशवी. यातल्या कितीतरी जणांकडे मोटार नाही. हे तुझं गिऱ्हाईक, श्रीकांत, आणि ते दर शुक्रवारी येणारं आहे.

काकांच्या भाषेत सांगायचं तर पेन्सिल जनतेच्या हातात असेल अशाच मार्गावर सुरुवात कर. इटलीत २०१२ मध्ये इटालो ही खाजगी कंपनी सरकारी गाड्यांशी स्पर्धा करत उभी राहिली ती याच कारणानं. तिथे रूळ सांभाळणारी कंपनी वेगळी आहे आणि ठरलेला दर देणाऱ्या कुणालाही तिला वाट द्यावी लागते.

मिलिंद, बुधवार रात्री

अनुराधाताई, पोर्टरपासून शिकागोपर्यंतचे चाळीस मैल मात्र नॉरफोक सदर्नचेच आहेत आणि तिथे मालगाड्यांची रीघ लागलेली असते. सगळा खेळ त्या चाळीस मैलांत आहे.

फ्लोरिडाच्या ब्राइटलाइन या खाजगी प्रवासी रेल्वेचं नाव येणारच, म्हणून आधीच लिहितो. त्यांना मायामीकडचे रूळ मिळाले कारण ती मालगाडी कंपनी तेव्हा त्याच मालकाची होती. ऑरलँडोकडचा तुकडा नवीन बांधला, २०२३ च्या सप्टेंबरमध्ये २३५ मैल पूर्ण झाले. गाड्या उत्तम, प्रवासी आहेत, तरीही २०२५ मध्ये रोख्यांवरचं व्याज पुढे ढकलावं लागलं. आणि ही तर फक्त एक जोडी. श्रीकांत, तुझ्या नकाशात अशा अकरा जोड्या आहेत.

वसंतकाका, गुरुवार सकाळ

मिलिंद, एक जोडी चालली होती रे. ऑटो-ट्रेन कॉर्पोरेशन. १९७१ च्या डिसेंबरात खाजगी माणसानं सुरू केली, व्हर्जिनियातलं लॉर्टन ते फ्लोरिडातलं सॅनफर्ड. प्रवासी आणि त्याची मोटार एकाच गाडीत. म्हातारी माणसं हिवाळ्यात फ्लोरिडाला जातात, त्यांना मोटार हवी पण चालवायला नको, हे त्या माणसानं ओळखलं. पहिली वर्षं नफा झाला. मग लुईव्हिलहून दुसरी गाडी काढली, ती भरेना. त्यात गाड्या रुळावरून घसरल्या, कर्ज वाढलं, १९८१ मध्ये सगळं बंद. पुढे १९८३ ला अ‍ॅमट्रॅकनं तोच पहिला मार्ग पुन्हा सुरू केला आणि तो आजही चालू आहे. दुसरा मार्ग कुणी उचलला नाही.

श्रीकांत, तुला परावृत्त करायला हे लिहीत नाही. मला ही रेल्वे झालेली बघायची आहे. पण 'देशभर' हा शब्द काढ.

श्रीकांत, गुरुवार रात्री

काका, रात्री दोनपर्यंत जागून सगळं पुन्हा मांडलं.

'देशभर' काढलं. अकरा जोड्यांचा नकाशा शेवटच्या स्लाइडवर, तोही लहान. प्रस्ताव आता शिकागो-डेट्रॉइट एवढाच. स्वतःची गाडी न काढता पहिली दोन वर्षं मिशिगन राज्याशी करार करायचा आणि शुक्रवार-रविवारची जादा फेरी आमच्या पैशानं चालवायची. गाडी अ‍ॅमट्रॅकच चालवील, म्हणजे प्रवेशाचा हक्क त्यांचा आणि रिकाम्या सीटचा तोटा आमचा. मिलिंद, विम्याची ओळ घातली आणि ती बघून भांडवल जवळजवळ दुप्पट झालं. ते तसंच दाखवणार आहे. पोर्टर-शिकागो चाळीस मैलांना स्वतंत्र स्लाइड केलीय, 'इथे अडतं' असं मोठ्या अक्षरात. त्या तुकड्यावर एक जादा लूप बांधायला किती येईल हे तुझ्या ओळखीतल्या कुणाकडून कळलं तर उद्या दुपारपर्यंत सांग, नाहीतर जागा मोकळी ठेवतो.

अनुराधाताई, मुलांच्या फलाटाबद्दल तुम्ही लिहिलंत तेच पहिल्या स्लाइडवर घेतलंय, तुमची हरकत नसेल तर.

वसंतकाका, दादांचा तो एखादा जुना तक्ता तुमच्याकडे असल्याचं काकू म्हणाल्या होत्या. शनिवारी आणाल का? रूळ म्हणजे काय हे लोकांना तो कागद बघून दोन मिनिटांत कळेल. तुम्हाला घ्यायला मी चारला येतो. शुभदाताई, केबल माझ्याकडे आहे.