निकालाच्या दिवशी ग्रुपवर गुण टाकावेत का?

सचिव (ए-१०२): सर्व सभासदांना नमस्कार. द्वितीय पीयूसीचा (म्हणजे आपल्या कर्नाटकातल्या बारावीचा) निकाल लवकरच लागेल. दरवर्षीप्रमाणे उत्तीर्ण मुलांचे फोटो आणि टक्केवारी माझ्याकडे पाठवावी, म्हणजे अभिनंदनाचा एकत्रित फलक तयार करून ग्रुपवर टाकता येईल.

बी-३०१ (निवृत्त शिक्षिका): सचिवसाहेब, यंदा हा फलक करू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. फलक आला की त्यात कोण नाही हेच आधी शोधले जाते. मी बेळगावात मराठी माध्यमाच्या शाळेत आयुष्यभर शिकवले. दहावीपर्यंत मराठीतून विचार करणारे मूल पीयूसीला विज्ञान शाखेत जाते, तेव्हा भौतिकशास्त्र इंग्रजीतून, वर्गमित्रांशी बोलणे कन्नडमधून आणि घर मराठीतून, असा तिहेरी संसार त्याच्यावर येऊन पडतो. पुष्कळदा त्याला विषय कळत नाही असे नसते, तर शंका विचारायला शब्द सापडत नाहीत म्हणून ते गप्प राहते, आणि त्या गप्पपणाला आपण घरात आळस म्हणतो.

सी-२०४: बाई, आपल्याविषयी आदर आहेच, परंतु कष्ट केलेल्या मुलांचे कौतुकही करायचे नाही, हे मला पटत नाही. आमच्या काळी नापास झालो तर मार बसायचा आणि दुसऱ्या दिवशी आम्ही शेतावर जायचो. फार तर एखाद्या डॉक्टरांचे व्याख्यान ठेवू या.

बी-१०४ (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी): काका, व्याख्यानाला मी गेले आहे. सभागृहात दोनशे मुले होती आणि शेवटी ‘कोणाला काही अडचण आहे का’ असे माइकवरून विचारले गेले. तिथे हात वर कोण करणार? पीयूसीच्या पहिल्या वर्षी मी कित्येक महिने रात्री नीट झोपले नव्हते. हे मी घरी सांगितले नाही, कारण आईबाबांनी क्लासची फी भरण्यासाठी काय केले ते मला ठाऊक होते. मला सावरले ते आमच्याच मजल्यावरच्या आजींनी. त्या रोज संध्याकाळी चहाला बोलवायच्या आणि अभ्यासाचे नाव काढायच्या नाहीत. तिसऱ्या आठवड्यात मी आपणहून बोलले.

सी-१०१ (परिचारिका): या आजींनी केले तेच काम आता जगभर शिकवून केले जाते. झिंबाब्वेमध्ये डॉ. डिक्सन चिबांडा यांनी वस्तीतल्याच आजींना प्रशिक्षण देऊन दवाखान्याच्या आवारातल्या बाकांवर बसवले. शेजारच्या गोव्यात १९९६ साली सुरू झालेल्या ‘संगत’ या संस्थेनेही दाखवून दिले, की मानसोपचारतज्ज्ञ नसलेली पण नीट शिकवलेली माणसे नैराश्याने ग्रासलेल्यांना खरा आधार देऊ शकतात. आपल्या राज्यात निम्हान्स ही बेंगळुरूची मानसिक आरोग्य संस्था आणि युवा सबलीकरण खाते यांची ‘युवा स्पंदन’ ही योजना याच धर्तीची आहे. तिच्यात तरुणांशी बोलण्यासाठी तरुणच तयार केले जातात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिचे सूत्र आहे पाहणे, ऐकणे आणि जोडून देणे. झोप व जेवण बिघडणे, मित्र टाळणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, ‘माझा तुम्हाला भारच आहे’ असे बोलणे, हे दिसले तर मुलाला बाजूला घेऊन जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का, असे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरतो ही समजूत चुकीची आहे, उलट मुलाला बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नये. तडक जिल्हा रुग्णालयात न्यावे, आणि तोवर १४४१६ या ‘टेलि-मानस’च्या क्रमांकावर बोलावे. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, ती विनामूल्य आहे आणि अहोरात्र चालते. तिथे वीस भाषांची सोय आहे, त्यांत मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत.

सी-२०४: पण पोलिसांचे लचांड मागे लागेल म्हणून लोक लपवतात, त्याचे काय?

सी-१०१ (परिचारिका): २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिच्यावर खटला चालवला जात नाही. तिची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. म्हणून भीतीपोटी उपचार लांबवू नयेत.

बी-३०१ (निवृत्त शिक्षिका): आमच्या लहानपणी ‘याला धारवाडला न्या’ ही शिवी होती, कारण तिथे वेड्यांचे इस्पितळ होते. आज तिथेच मानसिक आरोग्याची शिक्षणसंस्था आहे, तरी शिवी काही गेलेली नाही. मुलांना मोकळे बोलता यावे म्हणून दर शनिवारी संध्याकाळी गच्चीवर मी आणि परिचारिका ताई बसू. येणाऱ्याने काही सांगितलेच पाहिजे असे नाही. तिथले बोलणे ग्रुपवर, जिन्यात किंवा हळदीकुंकवाला निघणार नाही. जीव धोक्यात असेल तेवढ्याच वेळी पालकांना सांगू, आणि ही अट मुलांना आधीच स्पष्ट करू. कन्नड बोलणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी मात्र कन्नड उत्तम येणारे कोणीतरी हवे, कारण दुःख दुसऱ्याच्या भाषेत नीट सांगता येत नाही.

ए-३०३: मी येईन, बाई. माझे शिक्षण कन्नड माध्यमातून झाले आहे आणि माझा मुलगाही याच वर्षी परीक्षेला बसला आहे. त्याला मी अजून एकदाही ‘कसा आहेस’ असे विचारलेले नाही. फक्त ‘पेपर कसा गेला’ एवढेच विचारले.

सी-२०४: बाई, फलकाचा आग्रह मी सोडतो. ज्याला पेढे द्यायचे असतील त्याने दारोदार द्यावेत. गच्चीवरचा दिवा गेलेला आहे, तो मी उद्या बदलून घेतो.

सचिव (ए-१०२): फलक रद्द करीत आहे. निकालाच्या दिवशी ग्रुपवर कोणीही कोणाच्याही मुलाचे गुण विचारू नयेत, ही सूचना मी वर ठेवली आहे. आपल्या राज्यात द्वितीय पीयूसीची परीक्षा वर्षातून एकाहून अधिक वेळा होते. त्यामुळे कोणाचे विषय राहिले तर वर्ष वाया जातेच असे नाही, हे पालकांनी निकालाच्या आदल्या रात्रीच मुलांना सांगावे. गच्चीची किल्ली शनिवारी साडेपाचपासून बी-३०१ मध्ये राहील.