तिल फूत्स, तिल सालू, लागम : स्वीडिशमधल्या जुन्या विभक्ती

प्रश्न

काही वर्षांपासून गोथेनबर्गला आहे. ऑफिसात, दुकानात स्वीडिशवर निभतं. आता अग्रलेख आणि कादंबऱ्या वाचायला घेतल्या आहेत आणि एका गोष्टीपाशी सारखं अडायला होतं. 'तिल' म्हणजे '-ला, -कडे' हे अगदी सुरुवातीला शिकलो. त्याच्यापुढे नाम जसंच्या तसं येतं: तिल स्टॉकहोम, तिल योब्बेत (कामावर). मग 'तिल फूत्स' (पायी), 'तिल श्योस' (समुद्रावर, समुद्रमार्गे), 'तिल सेंग्स' (अंथरुणावर) यांच्या शेवटी हा 'स' कुठून आला? बरं, 'तिल'च्या पुढे स लागतो असं म्हणावं, तर घरांच्या जाहिरातींवरच्या 'तिल सालू'मध्ये (विक्रीसाठी) तो नाही. 'तिल हांदा'मध्येही (मदतीला हजर) नाही. वर्गात विचारलं तर 'पाठ करा' एवढंच उत्तर मिळालं. यामागे काही सूत्र आहे का?

प्रतिसाद

सूत्र आहे, पण ते आजच्या स्वीडिशमध्ये शोधलंत तर सापडणार नाही. त्यासाठी सातआठशे वर्षं मागे जावं लागेल.

'तिल' मुळात नाम होतं असं मानतात. अर्थ 'लक्ष्य, उद्दिष्ट'. जर्मनमधला 'त्सील' त्याच कुळातला. त्यामुळे 'तिल'च्या पुढचा शब्द षष्ठीत असणं ओघानंच आलं. आपण 'घराच्या दिशेने' म्हणतो, 'घर दिशेने' म्हणत नाही, तसंच. वेस्तर्योतलांद प्रांताचा जुना कायदा 1225 च्या सुमाराचा आहे आणि तिथपासून 'जुनी स्वीडिश' सुरू होते असं धरतात. त्या भाषेत प्रथमा, द्वितीया, चतुर्थी, षष्ठी अशा चारही विभक्ती शाबूत आहेत आणि 'तिल' षष्ठीच घेतो. आइसलंडिकमध्ये आजही तसंच आहे: 'आइसलंडला' म्हणायचं तर 'तिल ईस्लांद्स'.

नंतरच्या दोनतीनशे वर्षांत स्वीडिशमधली ही व्यवस्था ढासळली. शब्दाच्या शेवटची, आघात नसलेली अक्षरं पुसट होत गेली. त्यात हान्सा (उत्तर जर्मनीतल्या व्यापारी शहरांचा संघ) व्यापाऱ्यांची लो जर्मन, म्हणजे उत्तर जर्मनीतली भाषा, स्वीडिश शहरांत येऊन बसली. चौदाव्या शतकातल्या नगर-कायद्यानं नगरमंडळातल्या निम्म्या जागा जर्मनांना दिलेल्या होत्या आणि ही तरतूद 1471 पर्यंत टिकली, यावरून त्या भाषेचं वजन लक्षात येईल. 'बेताला' (पैसे देणं), 'फन्स्तर' (खिडकी), 'स्प्रोक' (भाषा) हे रोजचे शब्द तिकडचे. दोन जवळच्या भाषा बोलणारी माणसं एकाच बाजारात वावरतात तेव्हा आधी प्रत्यय झिजतात, असं अनेक अभ्यासकांचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं. 1541 मध्ये राजा गुस्ताव वासाचं स्वीडिश बायबल छापलं गेलं, तोवर बोलण्यातली जुनी विभक्तिव्यवस्था जवळजवळ मोडली होती.

पण रोज तोंडात असलेले वाक्प्रयोग मोडत नाहीत. मराठीत हेच झालंय. शाळेत सप्तमीचे प्रत्यय 'त, ई, आ' असे घोकलेले असतात. त्यातला 'त' आज कुठल्याही शब्दाला लागतो: ऑफिसात, बसमध्ये म्हणायचं नसेल तर बसात. 'ई' मात्र ठरावीक शब्दांनाच: घरी, दारी, गावी, हाती, माथी. 'स्टेशनी' किंवा 'ऑफिसी' कोणी म्हणत नाही. आणि योगायोग असा की 'तिल फूत्स'चा नेमका मराठी प्रतिशब्द 'पायी' आहे. तोही त्याच अवयवाच्या नावावरून आलेला आणि तोही जुन्या विभक्तीत गोठलेला.

डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्येही याच जोड्या सापडतात (समुद्रावर, पायी, जेवणाच्या टेबलाशी), कारण हा वारसा तिघींचा सामाईक आहे. गाडीनं जायचं तर मात्र 'मेद बील'. 'बील' हा 'आउतोमोबील'चा शेपटाकडचा तुकडा. 1902 मध्ये 'पोलितिकेन' या डॅनिश वर्तमानपत्रानं स्पर्धा घेतली होती, त्यातून तो रूढ झाला. तो येईपर्यंत 'तिल'ची षष्ठी जाऊन काही शतकं उलटली होती.

आता एक बारकावा, कारण तुम्ही वरच्या पायरीवर आहात. 'फूत'ची जुनी षष्ठी 'फूत्स' नव्हतीच. जुन्या नॉर्समध्ये (स्कँडिनेव्हियन भाषांचं मध्ययुगीन रूप) ती 'फोतार' अशी होती. 'स' हा मुळात काही पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी शब्दांपुरता प्रत्यय. बाकीचे प्रत्यय मागे पडले तसा तो सगळीकडे पसरला आणि या जुन्या वाक्प्रयोगांतही शिरला. म्हणजे 'तिल फूत्स'मध्ये 'तिल'नं षष्ठी घेण्याचा नियम जुना आहे, प्रत्यय त्यामानानं नवा.

पुढे तर या 'स'नं विभक्तिप्रत्यय म्हणून असलेलं आपलं स्थानही सोडलं. 'स्वेर्येस रीकेस लाग' या कायदेसंग्रहाच्या नावात जुनी पद्धत दिसते: 'स्वीडन' आणि 'राज्य' दोन्ही शब्दांना स लागलाय. आता एका जुन्या खोकल्याच्या गोळीचं नाव पाहा, 'कुंगेन आव दानमार्क्स ब्रस्तकारामेल्लेर'. म्हणजे 'डेन्मार्कच्या राजाच्या गोळ्या'. गोळ्या राजाच्या, पण स लागलाय डेन्मार्कला, कारण तो आता अख्ख्या शब्दसमूहाच्या शेवटी चिकटतो.

उपप्रश्न

मग 'लागम'चं काय? इथे सगळे सांगतात की व्हायकिंग लोक मद्याचं शिंग गोलाकार फिरवत, सगळ्यांना पुरेल एवढाच घोट घेत आणि 'लागेत ओम', म्हणजे 'सगळ्या गटाभोवती', यावरून 'बेताचं' या अर्थी 'लागम' आला.

प्रतिसाद

गोष्ट लोकप्रिय आहे, व्युत्पत्ती चुकीची आहे. 'लाग' म्हणजे कायदा, रीत. त्याची जुनी अनेकवचनी चतुर्थी 'लागुम', नंतर 'लागोम'. अर्थ 'रीतीप्रमाणे'. रीतीप्रमाणे म्हणजे योग्य, योग्य म्हणजे ना कमी ना जास्त, असा अर्थ सरकत गेला. शेवटचा 'ओम' हा 'भोवती' अर्थाचा शब्द नाही, चतुर्थीचा प्रत्यय आहे. जोडीला 'स्तुंदोम' (कधीकधी) घ्या. 'स्तुंद' म्हणजे थोडा वेळ, तीच चतुर्थी, आणि तिथे शिंग फिरवायला जागाच नाही. जुन्या ढंगाच्या गद्यात 'ई सीनोम तीद' (यथावकाश) आणि 'गो मान ऊर हूसे' (घरदार सोडून सगळे बाहेर पडणं) भेटतील. त्यातले 'सीनोम' आणि 'हूसे' हेही चतुर्थीचेच. 'ई रेत्तान तीद'मधला (योग्य वेळी) 'आन' मात्र द्वितीयेचा.

ही चतुर्थी सगळीकडून गेली असंही नाही. दालार्ना प्रांतातल्या एल्वदालेनच्या बोलीत ती अजून ऐकू येते. स्टॉकहोमच्या माणसाला ती बोली कळत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

फार छान उलगडा. पण 'तिल सालू' राहिलं.

प्रतिसाद

ते मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण त्यातून आणखी एक कुलूप उघडतं.

'तिल हांदा' सोपं आहे: 'हांद' म्हणजे हात, 'हांदा' त्याची अनेकवचनी षष्ठी. 'गो तिल वेगा' (एखाद्या रीतीनं काम पुढे नेणं) याच जातीचं. 'स्वेआ' हे रूपही तेच: स्वेआर या जुन्या जमातीच्या लोकांचं राज्य ते 'स्वेआ रीके', आणि त्यावरून देशाचं नाव 'स्वेर्ये'. स्टॉकहोममधलं 1614 मध्ये स्थापन झालेलं अपील न्यायालय अजून 'स्वेआ हूवरेत' हेच नाव लावतं.

'सालू' ही 'साला' (विक्री) या स्त्रीलिंगी शब्दाची एकवचनी षष्ठी. आकारान्त स्त्रीलिंगी शब्दांच्या एका मोठ्या गटाची षष्ठी उ किंवा ओ अशी होत असे. आता सामासिक शब्द आठवा. 'गाता' म्हणजे रस्ता, पण रस्त्यावरची खाण्याची टपरी 'गातुशोक'. 'वारा' म्हणजे माल, पण मोठं दुकान 'वारुहूस'. 'शिर्का' म्हणजे चर्च, पण दफनभूमी 'शिर्कोगोर्द'. 'वेका' म्हणजे आठवडा, साप्ताहिक 'वेकोतीदनिंग'. मधला उ किंवा ओ उच्चाराच्या सोयीसाठी घातलेला नाही, ती जुनी षष्ठी आहे. आपल्या सामान्यरूपाचंही मूळ षष्ठीतच सांगतात: देवस्य, देवस्स, मग 'देवा-'. म्हणून मराठी माणसाला 'गाता'चं 'गातु-' होणं परकं वाटू नये.

कुठे उ आणि कुठे ओ, हेही मनाला येईल तसं ठरलेलं नाही. जुन्या स्वीडिशमध्ये धातूचं पहिलं अक्षर लघु असेल तर शेवटचा स्वर ठसठशीत राहायचा, गुरू असेल तर सैल पडायचा. याला 'स्वरसंतुलन' म्हणतात. वृत्तात आपण लघु-गुरू मोजतो तसंच मोजा. 'गाता', 'वारा', 'साला' यांतला पहिला स्वर तेव्हा ऱ्हस्व होता आणि पुढे एकच व्यंजन. म्हणजे लघु, म्हणून उ. 'शिर्का' (पहिल्या स्वरापुढे दोन व्यंजनं) गुरू, म्हणून ओ. 'क्विना'चं (स्त्री) 'क्विनो-' होतं तेही यामुळेच. मध्ययुगाच्या शेवटी लघु अक्षरांतले स्वर दीर्घ झाले, म्हणून आज 'गाता' ऐकून हे लक्षात येत नाही. नियम सगळीकडे चालत नाही. 'वेका' आणि 'सागा' (परीकथा) जुन्या काळी लघुच होत्या, तरी आज समासात त्यांचं 'वेको-' आणि 'सागो-' होतं, तेव्हा शंका आली की कोशात पाहावं.

कोश म्हणजे स्वीडिश अकादमीचा मोठा ऐतिहासिक कोश. पहिला खंड 1898 मध्ये पुरा झाला, शेवटचा 2023 मध्ये. तो अकादमीच्या इतर कोशांबरोबर 'स्वेन्स्का डॉट एसई'वर फुकट आहे. नोंदीच्या सुरुवातीलाच जुनी रूपं दिलेली असतात, आणि 'तिल'खाली हे सगळे वाक्प्रयोग जुन्या उदाहरणांसकट मिळतील.