चित्र काढायला बसलं की हात आखडतो, काय करावं?

कोरा_कागद

रोज रात्री अर्धा तास स्वतःपुरतं चित्र काढायचं ठरवलंय. प्रदर्शन नको, विक्री नको, कुणाला दाखवायचंही नाही. सामान असं: ए-४ आकाराची ३०० जीएसएमची (म्हणजे जाड कागदाची) वही, एचबी पेन्सिल, खोडरबर, १२ ट्यूबांचे जलरंग, ८ नंबरचा गोल ब्रश. पेन्सिलीतच वीस मिनिटं जातात, खोडून खोडून कागद खरबरीत होतो, रंग मळकट दिसतो आणि ‘हे आपलं काम नाही’ म्हणून वही मिटते. शाळेतल्या चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेनंतर ब्रश धरलेला नाही. ‘मन मोकळं ठेवा’ असं सगळे सांगतात. हात मोकळा कसा करायचा, ते सांगा.

बोरू

खोडरबर आधी दुसऱ्या खोलीत ठेवा. जलरंगाच्या कागदाला खळ दिलेली असते, त्यामुळे रंग थोडा वेळ वरच राहतो. घासलं की ती खळ निघते, रंग तिथेच शोषला जातो आणि काळपट डाग पडतो. तो डाग तुमच्या हाताचा दोष नाही, रबराचा आहे.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटला स्थिरचित्र असो की संकल्पचित्र, आधी नेटकी बाह्यरेषा आणि मग आत रंग. श्रेणी मिळवायला ती शिस्त ठीक होती. घरी श्रेणी द्यायला कुणी नाही, तेव्हा क्रमच मोडा.

झेरॉक्सचा साधा ए-४ कागद घ्या, तीन घड्या घालून आठ चौकटी पाडा. साधं बॉलपेन. प्रत्येक चौकटीला दोन मिनिटांचा गजर. आठही चौकटींत वस्तू एकच: सांडशी, चप्पल, सोललेला लसूण, काहीही. पहिल्या दोन चौकटी कागदाकडे न बघता आणि पेन न उचलता काढायच्या. नजर वस्तूच्या कडेवरून मुंगीच्या चालीने सरकते, पेन त्याच गतीने. पुढच्या दोन डाव्या हाताने (डावरे असाल तर उजव्या). पाचवी-सहावी फक्त सावल्यांचे आकार भरून, बाह्यरेषाच नाही. उरलेल्या दोन मनाला येईल तशा.

यात हमखास बिघडतं ते असं की दहा सेकंदांत नजर खाली जाते. जुन्या पुठ्ठ्याला भोक पाडून पेन त्यातून खोचा, म्हणजे हात पुठ्ठ्याखाली झाकला जातो. चित्र वाकडं येणारच, ते तसंच यायला हवं. ‘बरोबर आलं का’ हा प्रश्नच तिथे लागू होत नाही. महिनाभर महाग कागदाला हात लावू नका, रंगसुद्धा यावरच लावा.

ओली_कड

पेनापुरतं सगळं पटलं, रंगाचं अजिबात नाही. पातळ कागद पाणी लागताच फुगतो, त्याला लाटा येतात, रंग खळग्यांत साचतो. नवखा माणूस समजतो, आपलाच हात वाईट. भीती कमी करायला कागद हलका नको, लहान हवा.

पुण्यात अप्पा बळवंत चौकात ३०० जीएसएमचा सुटा मोठा कागद मिळतो, २२ × ३० इंच. धातूची पट्टी आणि कटरने त्याचे ५.५ × ७.५ इंचाचे १६ तुकडे करा. एक बिघडला तर सोळावा हिस्सा गेला, आणि त्याचीही मागची बाजू उरते. चारही कडांना मास्किंग टेप लावून तुकडा पाटीवर बसवा. काढताना कागद पूर्ण सुकलेला हवा आणि टेप चित्रापासून बाहेरच्या दिशेला, हळू ओढायची. घाई केली की कागदाचा पापुद्रा निघतो.

आता मळकटपणा. बारापैकी तीनच ट्यूबा बाहेर ठेवा: लेमन यलो, क्रिमझन, अल्ट्रामरिन. दोन रंग मिसळा, तिसरा फार तर ब्रशच्या टोकाइतका. तिन्ही सारखे घेतले की राखाडी-तपकिरीच होणार. पाण्याची भांडी दोन ठेवा, एक ब्रश धुवायला, एक रंगात घ्यायला. पहिले चार-पाच तुकडे वस्तू न काढता फक्त रंगांचे करा. ओल्या पिवळ्यात निळा सोडा आणि हात मागे घ्या. हे बघण्यात जो आनंद आहे, त्यासाठीच तर जलरंग.

अर्धवट सुकलेल्या भागावर पुन्हा ओला ब्रश टेकवला की फुलकोबीसारखा डाग उमटतो. पुण्यात जुलै-ऑगस्टला कागद लवकर सुकतच नाही, त्यामुळे हे जास्त होतं. एप्रिल-मे मध्ये उलटं: ब्रश परत येईपर्यंत आधीची कड सुकते आणि रेघ पडते. तेव्हा कागद आधी साध्या पाण्याने ओला करा.

कोरा_कागद

तुकड्यांची कल्पना फारच आवडली, उद्याच कागद आणतो. बाहेर बसून काढायचं झालं तर? लोक मागे उभे राहिले की हात थांबतो.

घाटावरून

भिंतीला पाठ लावून बसा, म्हणजे मागे कुणी उभं राहूच शकत नाही. पाताळेश्वर लेण्यातला गोल नंदीमंडप सुरुवातीला उत्तम: ठसठशीत खांब, गडद सावली, आत गारवा. मंडईच्या मनोऱ्यापेक्षा समोरचा भाज्यांचा ढीग घ्या, त्यात प्रमाण चुकलं तरी अडत नाही. विश्रामबागवाड्याचं कोरीव लाकूडकाम मात्र सध्या राहू दे. त्यात बारकावे इतके की पुन्हा मोजमाप सुरू होईल. बाहेर तळहाताएवढी वही आणि पेन पुरे, रंग घरी लावा. जेल पेनाची शाई बहुतेक वेळा पाण्याने पसरते, वॉटरप्रूफ लिहिलेलं पेन घ्या.

आणि ओल्या चित्रावर निकाल देऊ नका, जलरंग सुकल्यावर फिका होतो. मागे तारीख टाकून तुकडा चपलांच्या रिकाम्या खोक्यात ठेवा, पंधरा दिवस उघडू नका. पावसाळ्यात खोकं भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल लागून कागदावर बुरशीचे ठिपके येतात.