सेंट्रिंगच्या तारखांना कुलूप हवं

सगळ्या ठेकेदारांना एकाच ऑनलाइन वेळापत्रकात तारखा बदलू द्या, फोनाफोनी संपेल, असं घरबांधणीबाबत सुचवलं जातं; ते प्लंबर-इलेक्ट्रिशियनपुरतं पटतं. स्लॅबला नाही, कारण काँक्रीट पक्कं होईपर्यंत खालचं सेंट्रिंग, म्हणजे प्लेटा आणि टेकूंचा तात्पुरता आधार, काढता येत नाही. आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या पोर्टलंड सिमेंटच्या स्लॅबचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या स्पॅनला (दोन आधारांमधल्या अंतराला) किमान ७ दिवस ठेवायचे, त्यापुढे १४. सहा मीटरवरच्या बीमला २१. आपल्याकडे पीपीसी (राख मिसळलेलं, सावकाश ताकद धरणारं सिमेंट) सर्रास वापरतात, म्हणजे आणखी सबुरी.

आमच्या बंगल्याच्या कामात सेंट्रिंगवाल्याला दुसऱ्या साइटवर प्लेटा हव्या होत्या. त्याने वेळापत्रकातली टेकू काढण्याची ओळ परस्पर अलीकडे ओढली आणि गिलाव्यापर्यंतच्या तारखा आपोआप सरकल्या. कुणालाच खटकलं नाही, कारण पडद्यावर सगळं हिरवंगार! आता त्या ओळी फक्त स्ट्रक्चरल इंजिनिअरच बदलू शकतो.