घुमट आरतीचा प्रत्येक ट्रॅक उणे १४ वरच हवा का?

फेडरखाली
चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की घुमट (गोव्याचं मातीचं तालवाद्य) आरत्यांचे ट्रॅक मास्टर व्हायला, म्हणजे त्यांची शेवटची आवाज-जुळणी व्हायला लागते, आणि तोच घोळ: एक आरती कुजबुजते, पुढची कानठळ्या बसवते. माझं मत: प्रत्येक ट्रॅक इंटिग्रेटेड (पूर्ण ट्रॅकची सरासरी) उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं एकक), ट्रू पीक (आवाजाचं सर्वोच्च टोक) उणे १. मोजायला युलीनचा फुकटचा मीटर चालतो. मास्टर चॅनेलच्या अगदी शेवटच्या स्लॉटला लावा, रीसेट करा, ट्रॅक अथपासून इतिपर्यंत वाजवा. मधेच मागे जाऊन पालुपद परत ऐकलंत तर बऱ्याच मीटरांत ते दोनदा मोजलं जातं. हेडफोन-दुरुस्तीचा प्लगइन मीटरच्या आधी राहिला तर आकडा खोटाच. कानावर विसंबू नका, रात्रीपर्यंत तो थकलेला असतो.

खर्जातला
कान थकतो, कबूल. पण मीटरला घुमट कळत नाही हो. बीएस १७७० (मोठेपणा मोजायचं आंतरराष्ट्रीय मानक) मधलं के-वेटिंग (आवाजाच्या पट्ट्यांना कमी-जास्त वजन देणं) साधारण २ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं जवळपास ४ डेसिबल उचलून मोजतं आणि तळचा खर्ज छाटतं. कांसाळं (काशाची मोठी झांज) नेमकं त्या वरच्या पट्ट्यात. ते पुढे असलं की आकडा फुगतो, तुम्ही मास्टर खाली ओढता आणि घुमट दबून जातो. दोन आरत्या, दोन्ही उणे १४, पण एकीत घुमट शोधावा लागतो!

फेडरखाली
हे मिक्सचं दुखणं, मीटरचं नव्हे. कांसाळं २-३ डेसिबल खाली घ्या, मग मोजा.

वाळवंटीकाठ
फेडरखालीबाब, मोजायला हरकत नाही, पण प्रत्येक ट्रॅक एकाच आकड्यावर कशाला? संथ आरती आणि शेवटची झणझणीत आरती दोन्ही उणे १४ वर आणल्या की चढत जाणारी लयच मेली. सगळ्यांत मोठी आरती आकड्यावर बसवा, बाकीच्या तिच्या मानाने ४-५ एलयू (एक एलयू म्हणजे एक डेसिबलएवढा फरक) खाली राहू द्या. स्पॉटिफाय गाण्यांचा आवाज आपोआप एका पातळीवर आणतं (नॉर्मलायझेशन), पण अल्बम सलग ऐकला तर सगळ्या ट्रॅकना एकच गेन (आवाजाची वाढ-घट) लावतं, म्हणजे तुमचा चढ-उतार टिकतो.

शिवाय उणे १४ म्हणजे काही देवाची आज्ञा नव्हे. तो स्पॉटिफायचा आकडा; ॲपल म्युझिक उणे १६ धरतं. यूट्यूब मोठा आवाज खाली आणतं, लहान वर नेत नाही. स्पॉटिफाय वर नेतं, पण ट्रू पीक उणे १ ला टेकेपर्यंतच: उणे १९ च्या ट्रॅकचा पीक उणे ३ असेल तर २ डेसिबल मिळतात, उणे १७ वर थांबतं. उलट लिमिटरने (आवाजाची टोकं दाबणाऱ्या साधनाने) उणे ८ पर्यंत चिरडलेला ट्रॅक ६ डेसिबल खाली येतो, चिरडलेपण मात्र तसंच.

फेडरखाली
अल्बमचं पटलं. पण मांडवात पेनड्राइव्हवरून वाजवतात, तिथे कसलं नॉर्मलायझेशन? तिथे ४ एलयूचा फरक पडला की माणूस प्रत्येक आरतीला नॉब फिरवत बसतो. पेनड्राइव्हसाठी वेगळा मास्टर, सगळे ट्रॅक २ एलयूच्या आत. यावर मी मागे हटत नाही.

खर्जातला
मग तिथे इंटिग्रेटेडवर अजिबात जाऊ नका. एकट्या गळ्याची सुरुवात सरासरीपेक्षा १० एलयूहून खाली असेल तर गेट (मीटरमधली हळू भाग वगळणारी गाळणी) ती मोजतच नाही, आणि मांडवात नेमकी तीच ऐकू येत नाही. ३ सेकंदांचा शॉर्ट-टर्म आकडा बघा. जुन्या कॅसेटवरून घेतलेली मोनो फाइलही जपून: एका चॅनेलची म्हणून मोजली तर तीच दोन्ही स्पीकरवर वाजताना येणाऱ्या आकड्यापेक्षा ३ एलयू कमी दाखवते. आधी स्टिरिओ ट्रॅकवर घ्या, मग मोजा.